सर उठायचे

कुणीही आलं की सर उठायचे. कुणीही म्हणजे खरोखर कुणीही. मुख्याध्यापक आले तरी उठायचे आणि खडूचा खोका घेऊन शिपाई आला तरी उठायचे. आपण जरा खुर्चीतून वर झाल्यासारखं करतो आणि परत टेकतो, तसलं उठणं नव्हे. खुर्ची मागं सरकवायची, पाय जुळवायचे, पाठ सरळ करून पुरतं उभं राहायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'या' म्हणायचं. मग तो माणूस बसेपर्यंत नाहीतर निघून जाईपर्यंत हे आपले उभेच.

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या शाळेत मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी रजेच्या एका अर्जावर सही घ्यायला शिक्षकांच्या खोलीत गेले, तर हे गणिताचे सर उठून उभे. मला वाटलं, निघालेत कुठंतरी. मी बाजूला होऊन वाट दिली. ते हलेनात. मी अजून बाजूला झाले, तरी हलेनात. शेवटी चित्रकलेचे गुरुजी हसत म्हणाले, "अहो बाई, घ्या की सही. तुम्ही जाईपर्यंत ते काय बसायचे नाहीत." सरांनी उभ्यानंच सही केली, अर्जातली दिवसांची बेरीज चुकलेली दाखवली आणि "क्लार्कला बेरीज यायला पाहिजे" असं सगळ्यांदेखत मला ऐकवलं. म्हणजे उठायचे म्हणून माणूस मवाळ होता असं समजू नका. अपमानसुद्धा उभं राहून, नीट डोळ्यांत बघून करायचे.

एकदा तपासणीला शिक्षणाधिकारी आले होते. सगळे उठले, साहेब बसले, सगळे बसले. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला आणि सर पुन्हा ताडकन उभे. साहेबांना वाटलं, आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी आलं. तेही निम्मे उठले, मागं वळून बघतात तर शिपाई. मुख्याध्यापकांचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेब गेल्यावर त्यांनी सरांना फैलावर घेतलं, "शिपायासाठी उठायची काय गरज होती हो?" सर म्हणाले, "चहा त्यानं आणला की."

लग्नात पंगतीला बसले की वाढपी आला, उठा. पापडवाला आला, उठा. अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, शेजारून शर्ट ओढून तेलुगूत "कूर्चोंडि, कूर्चोंडि" करत राहायच्या, बसा म्हणून. भात गार व्हायचा. पुढं बुफे निघाला आणि सर सुटले, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो.

हे सगळं कशासाठी, ते मी एका शनिवारी विचारलंच. शाळा सुटलेली, आम्ही दोघं निकालपत्रकं लावत बसलेलो. पहिल्यांदा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "माझा बाप खड्ड्यातल्या मागावर विणायचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसायचं. पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा मारायचा. आलेला माणूस वर उभा असतो आणि विणणाऱ्याचं तोंड त्याच्या गुडघ्याशी. मालक आला तर बापाला आधी चपला दिसायच्या. मी शाळेतून आलो तर आधी माझे धुळीचे पाय दिसायचे. पायांवरनं ओळखायचा तो माणसं. मी तेव्हाच ठरवलं, माझ्याकडं येणाऱ्याला माझे डोळे दिसले पाहिजेत. टाळू नाही." एवढं बोलून त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. लगेच खेकसले, "झालं समाधान? 'ब' तुकडी काढा आता."

तो खड्डा त्यांच्या घरात होता. भवानी पेठेतच, दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीचं दार थेट बोळात. माग गेला, खड्डा बुजवून वर फरशी घातली, आणि निवृत्त झाल्यावर सर त्याच फरशीवर लाकडी खुर्ची टाकून दिवसभर बसायला लागले. दार सताड उघडं. गणितं घेऊन पोरं यायची, जुने विद्यार्थी यायचे, भाजीवाली टेकायला यायची, शेजारच्या कारखान्यातले कामगार टॉवेलांचे गठ्ठे दाराशी टेकवून पाणी मागायचे. दिवसाला वीस-पंचवीस माणसं. आणि सर तितक्या वेळा उठायचे. अक्का म्हणायच्या, "हे घर हाय का एस्टी स्टँड?" पण पाण्याचा तांब्या त्याच भरून ठेवायच्या.

सरांना हार्ट अटॅक आला तो निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी. त्यातून वाचले, पण हृदय कायमचं दुबळं झालं. आम्ही भेटायला गेलो तर हाताला सलाईन लावलेलं आणि नर्सबाई आल्या म्हणून हे उठायला बघतायत. डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' शब्द काढल्यावर अक्कांनी हंबरडाच फोडला, "फेल म्हंजे?" सर म्हणाले, "फेल म्हणजे नापास. हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं त्याचे मार्क असतात. मला तीस पडलेत. पस्तीसला पास करतात आपल्याकडं. पाच मार्कांनी गेलो." अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले.

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहून दिलं. मीठ कमी, म्हणजे शेंगाचटणी बंद. पाणी मोजून, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. सकाळी वजन करायचं, पायाला सूज आली तर दाखवायचं. आणि शेवटी एक ओळ होती, दगदग करू नये, आराम करावा. ही शेवटची ओळ तेवढी मी पक्की धरली. माझा स्वभाव पहिल्यापासून कारभारी. मूलबाळ त्यांना नव्हतं, माझं घर दोन गल्ल्या सोडून, तेव्हा त्यांच्या आजारपणाचं ऑफिस मीच चालवायला घेतलं.

सर उठायचे मात्र थांबले नाहीत. उठायचे, दाराची चौकट धरायचे, दोन-तीन श्वास खाली-वर व्हायचे आणि मग 'या' निघायचा. येणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "सर, बसा हो, तुम्हाला माझी शप्पथ" असं म्हणणाऱ्याला ते "शपथा घालायच्या असतील तर येऊ नका" म्हणून झापायचे.

मग दसऱ्यानंतर आमचे चित्रकलेचे गुरुजी त्यांना भेटायला गेले. सर उठले, उठता उठता घेरी आली आणि समोरच्या तिपाईवर कोसळले. कपाळाला तीन टाके. गुरुजी बिचारे रडत माझ्याकडं आले, "बाई, मी गेलो नसतो तर हे झालं नसतं." मला त्या वाक्यानं वाट दाखवली. लोक गेले नाहीत तर सर उठणार नाहीत, उठले नाहीत तर पडणार नाहीत, दमणार नाहीत. किती सोपं! दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी कागद टाइप केला. 'सूचना. सरांची प्रकृती अस्वस्थ असल्याने कोणीही भेटावयास येऊ नये. अत्यावश्यक असल्यास मागील दाराने अक्कांना भेटावे. आज्ञेवरून.' पावसानं भिजू नये म्हणून लॅमिनेट करून घेतला. गार वारं लागतं असं सरांना सांगून दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या बाजूनं चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तो चिकटवला. वर अक्कांना म्हणाले, "आता बघा, महिन्यात टुणटुणीत होतात की नाही."

सरांना यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. सांगितलं असतं तर त्यांनी कागद फाडला असता.

माणसं यायची बंद झाली. मी संध्याकाळी मागच्या दारानं जायचे, तेही सर आडवे झालेत का बघून, म्हणजे उठायला नकोत. पहिले काही दिवस दाराबाहेर जरा खुट्ट झालं की त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर जायचे. बाहेरचा माणूस कागद वाचायचा आणि निघून जायचा. हात परत मांडीवर यायचे. एकदा म्हणाले, "आजकाल कुणी येत नाही, बाई." मी म्हणाले, "लोकांना कामं असतात, सर." असलं खोटं मी इतक्या सहज कसं बोलले, माझं मलाच कळत नाही.

महिन्याभरानं वजन उतरलं. अक्का खूश, मी खूश. सूज गेली म्हणायची! पुढच्या महिन्यात अजून उतरलं. पायजम्याची कंबर दोनदा आत घेतली. हळूहळू सर खुर्चीत बसेनासे झाले, पलंगावरच असायचे. बाटलीचं झाकण त्यांना फिरवता येईना. अंगावरची सोलापुरी चादर जड होते म्हणाले, म्हणून अक्कांनी पातळ चादर दिली. जिन्याची तर बातच सोडा, न्हाणीच्या एका पायरीला ते भिंत धरून उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, हृदय दुबळं आहे ना, चालायचंच. अजून आराम करा.

मे महिन्यात तपासणीला नेलं. या वेळी डॉक्टरीणबाई नवीन होत्या, तरुण. आत आल्या तसे सरांनी चाकाच्या खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवले, जोर लावला, आणि काहीच झालं नाही. माणूस होता तिथंच. त्यांनी पुन्हा जोर लावला. मान थरथरली, कोपर थरथरलं. मी ते बघत उभी होते. इतके दिवस मी त्यांना उठण्यापासून वाचवत होते आणि आता वाचवायला काही उरलंच नव्हतं.

बाईंनी हृदयाची तपासणी केली, कागद बघितले आणि म्हणाल्या, "हृदय मागच्या वेळेएवढंच आहे की. बिघडलेलं नाही. मग हे पाय कुठं गेले?" मांडीला हात लावून बघितलं. मग आम्हाला समजावून सांगितलं. या आजारात हृदयाबरोबर अंगाचे स्नायूही झिजायला लागतात. खाणं कमी पडलं तर जास्त, आणि हालचाल थांबली तर फारच. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसला की पाय जातात, पाय गेले की थोड्या हालचालीनंही अजून दम लागतो. म्हणून झेपेल तेवढं उठणं-बसणं चालू ठेवायचं असतं.

"दिवसातनं किती वेळा उठतात घरी?" त्यांनी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "आता न्हाई उठत. आधी लई उठायचे. कुणीबी आलं की उठायचे."

"किती जण यायचे?"

"वीस. पंचवीस."

"मग ते यायचे का थांबले?"

"उठताना घेरी येऊन पडले, मग दारावर कागद लावला ना. येऊ नका म्हणून."

"अहो, तो तर त्यांचा व्यायाम होता," बाई म्हणाल्या. "घेरी येत होती तर गोळी कमी करून बघता आली असती. उठण्याआधी पाय हलवायचे, कुणीतरी शेजारी उभं राहायचं. कुणी सांगितलं बंद करायला?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेवढी एक दया त्यांनी माझ्यावर केली. पण सरांनी बघितलं.

रिक्षानं घरी निघालो. पार्क चौक गेल्यावर सरांनी विचारलं, "काय लिहिलं होतं कागदावर?" मी सगळं म्हणून दाखवलं. पाठच होतं.

"आज्ञेवरून. आज्ञा कुणाची?"

"तसं खाली लिहायची पद्धत असते, सर. ऑफिसात."

"हं." मग म्हणाले, "सात महिने मी दाराकडं बघत होतो, बाई. मला वाटलं, लोकांच्या लेखी मी संपलो."

घरी आल्या आल्या मी तो कागद ओरबाडून काढला. दार उघडलं. ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, या हो, सर वाट बघतायत. आठ-दहा दिवस आले लोक. मग एकेक कमी झाले. कुणी पुण्याला गेलेलं, कुणाला वाटायचं, उगीच त्रास कशाला. भाजीवालीनं टेकायला दुसरा उंबरा शोधला होता. येणं ही सवय असते आणि ती मी मोडली होती.

मग मीच यायला लागले. शाळा सुटली की त्यांच्या घरी. दार वाजवायचं, आत जायचं, बाहेर यायचं, पुन्हा वाजवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उंच खुर्ची घ्या, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा, मधे विसावा, घेरी आली तर थांबा. अक्का खुर्चीच्या बाजूला उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "कोण?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक, आत शिरत मी म्हणाले, "दूधवाला."

"दूधवाले साडी कधीपासून नेसायला लागले?"

आणि त्यांनी दांड्यांवर हात ठेवले. खुर्चीपासून चार बोटं वर आले आणि बसले. मी बाहेर गेले. शिक्षणाधिकारी होऊन आले. पोस्टमन होऊन आले. भाजीवाली झाले तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. सर वीतभर वर आले. कपाळावर घाम, ओठ निळसर. "पुरे," मी म्हणाले. "पुरे म्हणणारे तुम्ही कोण? आज्ञा काढताय परत?" असं म्हणाले आणि स्वतःच हसले.

जूनच्या शेवटी एकदा ते उठले. पुरते. खुर्ची मागं सरकली नाही, पाय जुळले नाहीत, अक्कांचा दंड गच्च धरलेला होता, पण सर उभे होते. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "या." मग बारीक नजरेनं म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या झालात की तुम्ही. इतके महिने नीट बघितलंच नव्हतं." मला रडू आवरेना. वाटलं, जमतंय. वाटलं, देवानं माझी चूक पोटात घातली.

कशाचं काय. जुलैत त्यांच्या छातीत कफ झाला, ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरेपर्यंत बारा दिवस गादीवर. दीड महिन्यात पैसा-पैसा करून कमावलेलं, चार बोटं, वीतभर, सगळं त्या बारा दिवसांत गेलं. शरीर आधीसारखं भरलेलं असतं, तर बारा दिवस निघाले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

सर गेले ते गणपतीच्या आधी. बोळ माणसांनी भरला, पुण्याहून विद्यार्थी आले, चित्रकलेचे गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले. सगळे त्या दिवशी आले. मला त्या गर्दीचा राग आला आणि राग येण्याचा आपल्याला काही अधिकार नाही हेही कळत होतं.

पण मला दिसत राहते ती त्याच्या आधीच्या गुरुवारची संध्याकाळ. मी नेहमीसारखं दार वाजवलं. आतून 'कोण' आलं नाही. आत गेले. सर त्यांच्या खुर्चीत होते, त्या बुजवलेल्या खड्ड्यावरच्या. अक्कांनी दोन्ही बाजूंनी उशा लावून बसवलं होतं. मान खाली गेलेली, ती उचलायचंही बळ राहिलं नव्हतं. मी त्यांच्या हातांकडं बघत थांबले. हात दांड्यांवर गेले नाहीत. मांडीवर पालथे पडून राहिले.

त्यांना जमिनीवर तेवढे माझे पाय दिसत होते. त्यांकडं बघून ते म्हणाले, "बाई आल्या का? बसा."

मी पटकन खाली त्या फरशीवर बसले, आणि मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडं वर बघितलं, निदान डोळे तरी दिसावेत म्हणून. त्यांनी ते मिटून घेतले होते.